सातव्या रकान्यातली तारीख

माझ्या नणंदेला शाळेत सगळे 'पुठ्ठेवाल्या बाई' म्हणतात, आणि ते काही उगीच नाही. शर्टांची, बुटांची रिकामी खोकी आमच्याकडे येतात ती कचऱ्यात जायला नव्हे, वन्संच्या कात्रीखाली जायला. गेली एकवीस वर्षं आमचं जेवणाचं टेबल निम्मं त्यांचं आहे. तिथे बसून त्या पुठ्ठ्याची कार्डं कापतात. एका बाजूला चित्र, मागे इंग्रजी शब्द आणि त्याखाली मुलाच्या घरच्या भाषेतला शब्द. ती भाषा वन्संना येत असतेच असं नाही. कोणाकडून तरी लिहून आणतात आणि अक्षरं रांगोळीसारखी गिरवतात. आमचे हे म्हणतात, "आपल्याकडे पाहुण्याला ताट मिळेल, टेबल मिळेलच असं नाही."

शाळा इंग्रजी. मुलं मात्र दहा भाषांच्या घरांतून येतात आणि पहिले काही महिने तोंडाला कुलूप लावून बसतात. त्यांना वर्गाच्या पंगतीला आणून बसवायचं, हे वन्संचं काम. त्या मुलांना आधी पुढच्या बाकावर घेतात, बोलायला न लावता नुसतं बोट ठेवून दाखवायला सांगतात, आणि शेजारी एक बडबडी जोडीदारीण देतात. चूक झाली की म्हणतात, "पुन्हा बघू."

पूर्वी त्या शाळेत व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. 'ज्यांना जमत नाही' त्यांची. सतरा वर्षांपूर्वी वन्संनी तिथून एका मुलीला बाहेर काढलं. दीड वर्ष तिला ठोकळे रचायला बसवलं होतं, आणि ती स्वतःच्या भाषेत तोंडी भागाकार करत होती. आता ती औषधांच्या दुकानात उभी असते आणि डॉक्टरांचं अक्षर वाचते. वन्संना तिचा फार अभिमान. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य घरादाराला पाठ आहे: "भाषा येत नाही म्हणून डोकं नाही असं होत नाही. शेवटच्या खोलीत गेलेलं मूल परत येत नाही."

दोन वर्षांपूर्वी पहिलीत एक मुलगी आली. अंगाने एवढीशी, म्हणून वन्सं तिला मुंगी म्हणायच्या. तिची थोरली बहीण तेव्हा पाचवीत होती आणि चटचट इंग्रजी उचलून मोकळी झालेली. आई एका धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करते, तिला इंग्रजीचा गंध नाही. त्यामुळे पालकसभेला थोरलीच मध्ये उभी राहायची. तिला नाव पडलं वकीलीणबाई.

"घरी कशी आहे? सांगितलेलं लक्षात राहतं का?" वन्सं विचारायच्या. आई पुष्कळ बोलायची, हातवारे करायची. वकीलीणबाई शांतपणे सांगायची, "आई म्हणते, घरी सगळं नीट आहे."

वन्सं घरी येऊन हसायच्या. "त्यांची भाषा फार ऐसपैस आहे हो वहिनी. आई पाच मिनिटं बोलते आणि इंग्रजीत त्याची एक ओळ होते."

मीही हसले होते.

मुंगी काही पुढे सरकेना. बाकीची मुलं सहा महिन्यांत भांडायला लागली, इंग्रजीत चहाड्या सांगायला लागली. ही आज ओळखलेलं कार्ड उद्या कोऱ्या नजरेने बघायची. दुसरीच्या वर्गशिक्षिका दोनदा म्हणाल्या, "हिला शिकण्यातच काही अडचण आहे का, तपासणीला पाठवू या." मूल दुसऱ्या भाषेचं असलं की तपासणीच्या फॉर्मवर वन्संची सही लागते. वन्संनी दोन्ही वेळा फॉर्म परत केला. "तिला वेळ द्या," म्हणाल्या.

आता मुंगी तिसरीत आहे. वर्षअखेरीच्या परीक्षेत नापास झाली तर त्याच वर्गात राहणार. तपासणीचा अहवाल हाती असता तर तिला जादा वेळ मिळाला असता, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळालं असतं, तेही तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर. ती शेवटची खोली बंद होऊन सहा वर्षं झालीत. तिथे आता चेंडू आणि चटया असतात. वन्संना हे ठाऊक नव्हतं असं नाही.

गेल्या महिन्यातल्या पालकसभेला वकीलीणबाई तापाने अंथरुणात होती. आई एकटीच आली. वन्सं खुणांनी बोलायला लागल्या, तेवढ्यात शाळेचे बसवाले काका किल्ल्या ठेवायला आत आले. त्यांचं आजोळ त्या भाषेतलं निघालं. वन्संनी त्यांना खुर्ची दिली आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. आई नेहमीसारखीच पुष्कळ बोलली. काका मात्र ओळ न ओळ सांगत गेले.

"त्या म्हणतात, आमच्या भाषेतसुद्धा हिला वारांची नावं ओळीने येत नाहीत. दुकानात दोन वस्तूंना पाठवलं तर एकच आणते, नाहीतर रस्त्यातच रडत उभी राहते. थोरलीचं असं नव्हतं." मग काकांनी पुढचंही सांगितलं. "त्या म्हणतात, हे मी दर वेळी सांगते. बाई काहीच का करत नाहीत?"

त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या चपला घालूनच टेबलाशी बसल्या. मी चहा ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी हात लागला नाही.

"थोरली खोटं बोलली का हो?" मी विचारलं.

"बारा वर्षांची पोर आहे, वहिनी."

चार दिवसांनी वकीलीणबाई शाळेत आली, तेव्हा वन्संनी तिला बाजूला घेतलं. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, असं का केलंस. तिने बुटाचं टोक जमिनीवर घासलं. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना बाई? पहिल्या दिवशी. त्या खोलीत गेलेलं मूल परत येत नाही."

हे मला सांगताना वन्संनी कात्री उचलली आणि परत ठेवली. "माझ्याच तोंडचं वाक्य," म्हणाल्या. "ती बहिणीला वाचवत होती. माझ्यापासून."

 चांगल्यासाठीच केलंत, असं मी म्हणणार होते. पण मुंगीची दोन वर्षं त्या चांगल्यातच गेली होती.

परवा तो फॉर्म आमच्या टेबलावर होता. सहा रकाने भरून झाले होते. सातव्यात विचारलं होतं, अडचण प्रथम केव्हा आणि कोणाच्या लक्षात आली. तेवढ्यात मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, फोन आला.

"ह्या सत्रातली एखादी तारीख टाका," त्या म्हणाल्या. "नाहीतर विचारतील, दोन वर्षं झोपला होतात का. तुमची निवृत्ती चार वर्षांवर आलीय, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

"धोंडा आधीच पडलाय, बाई. दुसऱ्याच्या पायावर," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग सावकाश लिहिलं: दोन वर्षांपूर्वी, आईच्या. त्याखाली आणखी एक ओळ: भाषेच्या शिक्षिकेने आईशी थेट बोलण्याची सोय केली नाही. खाली सही केली.

म्हणून काही सुटलं असं नाही. तपासणीची तारीख मिळाली आहे ती परीक्षेनंतरची. मधल्या काळात मुंगीला प्रश्न वाचून दाखवू द्या, असा अर्ज वन्संनी वेगळा केला आहे. मोठ्या बाईंनी तो 'बघू'वर ठेवला आहे. मुंगीचं वर्ष बहुतेक जाणार.

उद्या आईला शाळेत बोलावलं आहे. बसवाले काका येणार आहेत. वकीलीणबाईला वन्संनी निक्षून सांगितलं, तू तुझ्या वर्गात बस, हे मोठ्यांचं बोलणं आहे. तरी एक वाक्य आपल्या तोंडानेच सांगायचं, असा त्यांचा हट्ट. काकांकडून ते लिहून आणलं आणि दुपारी पुठ्ठ्याच्या एका चौकोनावर गिरवलं: माझी चूक झाली, तुम्ही बरोबर होता. चित्राची बाजू कोरीच राहिली.

"ह्याला चित्र काय काढणार?" त्या म्हणाल्या.

मग कार्ड माझ्या हातात देऊन त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे चुकलं तरी कळणार नव्हतं. तरी मी कार्ड समोर धरून बसले. वन्संनी चौथ्यांदा म्हटलं, तेव्हा मीच म्हणाले, "पुन्हा बघू."