सुमंगलाबाईंनी लेखक नेमले

मध्य प्रदेशात देवासच्या औद्योगिक भागात घरगुती पिठाच्या चक्क्या बनवणारा एक कारखाना आहे. खानदेशातून किंवा वऱ्हाडातून कुणी तक्रारीचा फोन केला, की पलीकडून सुमंगलाबाई मोहिते बोलतात. माणूस कितीही तापलेला असो, "हं, सांगा, मी ऐकतेय," एवढ्यावरच तो निम्मा थंड होतो. बाईंचा स्वतःच्या कानावर भारी विश्वास. नुसत्या आवाजावरून त्या सांगतात, की बिघाड चक्कीत आहे की घरातल्या सासूसुनेत. बहुतेक वेळा खरं निघतं.

कारखान्याचा मालक दीपेश. बाईंपेक्षा लहान, इथलाच, हिंदी बोलणारा. पण मराठी शेजाऱ्यांत वाढल्यामुळे मराठी त्याला बरीच समजते. एक दिवस तो बाईंच्या टेबलापाशी आला.

"ताई, महाराष्ट्र में अपना माल जा रहा है, पर नाम कोई नहीं जानता. वेबसाइट पे मराठी ब्लॉग शुरू करते हैं. पुणे की एक एजन्सी है, वो लिख देगी."

"पुण्याला कशाला जायचं, भिया?" बाई हेडफोन काढत इकडच्या मालवी ढंगात म्हणाल्या. "अपने मालवे में मराठी लोग कम हैं क्या? घरबसल्या लिहिणारे लेखक मी आणते. एजन्सीपेक्षा सरस नाही निघाले, तर माझं नाव बदला."

"नाम तो अच्छा है, रहने दो," दीपेश हसला. "एक लेख आप लाओ, एक एजन्सी से मंगाता हूं. जो अच्छा, ब्लॉग उसका."

हे सगळं बोलणं भर ऑफिसात झालं. आता मागे फिरणं नव्हतं. बाईंना त्याची काही चिंताही वाटली नाही.

त्यांनी मराठी समाजाच्या ग्रुपवर निरोप टाकला: कंपनीच्या ब्लॉगसाठी लिहिणारे हवेत, लेखागणिक मानधन, इच्छुकांनी फोन करावा. फोन आले. देवासहून आले, धारहून आले, पार सतवासहूनही एक आला. बाई प्रत्येकाशी गप्पा मारत आणि कान टवकारून ऐकत. धारच्या बकुळाअक्का मराठी शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. पण बोलायला महाकंजूस. काहीही विचारा, उत्तर "हो" किंवा "नाही". बाईंनी मनातल्या मनात त्यांच्यावर फुली मारली. एवढं कोरडं माणूस लिहिणार तरी काय?

आणि मग अजेयचा फोन आला. हाही धारचाच, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला. शिफ्टच्या बसमधूनच बोलत होता. काय बोलायचा पोरगा! शेजारच्या सीटवर घोरणाऱ्या माणसाचं त्याने असं वर्णन केलं, की बाई हसूनहसून बेजार झाल्या.

"लिहिशील ना रे असंच?"

"हो मावशी, त्यात काय!"

झालं, नेमला. लिहिण्याचा नमुना बाईंनी मागितला नाही. आपल्यातल्या माणसाची परीक्षा घ्यायची नसते, अशीच त्यांच्या घरची रीत. पाहुण्याला कुणी विचारतं का, की तुम्हाला जेवता येतं का? घरात मराठी बोलतो तो मराठी लिहिणारच, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. त्यांनी त्याला काही जुन्या ग्राहकांचे नंबर दिले, तेही त्या ग्राहकांना आधी विचारून, आणि सांगितलं, "यांच्याशी बोल. मग लिही."

लेख आला. बाईंनी चष्मा लावून वाचायला घेतला. 'आजच्या धावपळीच्या युगात पीठ हा आपल्या जीवनाचा अविभाज्य घटक आहे.' पुढेही तसंच. एकही माणूस नाही, एकही स्वयंपाकघर नाही. वाक्यं गुळगुळीत आणि हाताला काही लागेना. बसमधला तो पोरगा यात कुठेच नव्हता.

त्यांनी लगेच फोन लावला. "अजेय, हे तू लिहिलंस?"

पलीकडे बसमध्ये अजेयने आवाज खाली आणला. मग तो म्हणाला, "मावशी, खरं सांगू? मला मराठी लिहिता येत नाही. वाचतानाही अडखळतो. शाळा सगळी हिंदीत झाली ना. मग मोबाइलमधल्या एआयकडूनच लिहून घेतलं."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!"

"तुम्ही विचारलंच नाही. आणि तुम्ही इतक्या खूश होता, मला बोलवेना."

बाई रागवायच्या बेतात होत्या, पण राग गिळला. त्याने थाप मारली होती हे खरं; पण न विचारण्याची चूक कुणाची? आयुष्यभर ज्या कानावर भिस्त ठेवली, त्याने बरोबर ऐकलं होतं. कानाने जे सांगितलं नव्हतं, ते बाईंनी पदरचं घातलं होतं.

"ग्राहकांशी तरी बोललास का, की तीही थापच?"

"बोललो ना! भुसावळच्या त्या काकूंशी तर काय मस्त बोलणं झालं." आणि त्याच्या बोलण्याची गाडी सुटली. त्या काकूंनी नवी चक्की परत पाठवायला बांधून दारात ठेवली होती. का, तर ज्वारीच्या भाकरीच्या कडा फाटतात. सासूबाई रोज ताटात भाकरी उचलून उजेडाकडे धरायच्या आणि म्हणायच्या, "ही भाकरी आहे की भारताचा नकाशा?" शेवटी दुकानदाराची चूक निघाली. त्याने बारीक पिठाची जाळी दिलीच नव्हती, जाड दळणाचीच बसवून दिली होती. अजेयने सासूचा आवाज काढला, सुनेचा काढला, दुकानदाराचाही काढला.

"थांब," बाई म्हणाल्या. "आता कुणालाही हे सांगू नकोस. शिळं होईल."

त्यांनी फोन ठेवला आणि बकुळाअक्कांचा नंबर लावला. हे जरा जड गेलं. पण जड गेलं म्हणून टाळण्याचा बाईंचा स्वभाव नाही.

"अक्का, मी देवासहून सुमंगला. त्या दिवशी तुमच्या कमी बोलण्यावरून मी तुम्हाला बाजूला ठेवलं. चुकलं माझं. तुमच्याच गावात एक मुलगा आहे, तो सुंदर बोलतो, पण त्याला लिहिता येत नाही. तो सांगेल, तुम्ही लिहाल?"

"मुलगा चहा घेतो का?" अक्कांनी विचारलं.

"घेतो."

"पाठवा."

सुट्टीच्या दिवशी अजेय अक्कांकडे गेला. तो बोलत होता, अक्का ऐकत होत्या. मध्येच एखादा प्रश्न विचारायच्या: जाळी कुठल्या बाजूने बसते, सासूबाई भाकरी कुठल्या हाताने धरतात. नंतर अजेय बाईंना म्हणाला, "मावशी, एवढं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं. भीतीच वाटली."

दोन्ही लेख दीपेशच्या टेबलावर आले. "पढ़ना तो मुझे जमेगा नहीं," तो म्हणाला. "आप सुनाओ, समझ लूंगा."

बाईंनी आधी एजन्सीचा लेख वाचला. मुद्दाम चांगला वाचला, आवाजात कुठे कसर ठेवली नाही. ताज्या पिठातले गुण, आरोग्य, जीवनशैली. लेख चुकीचा नव्हता. अर्ध्यात दीपेशचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला, परत आल्यावर म्हणाला, "हां, चलो, दूसरा."

दुसऱ्या लेखाला अक्कांनी प्रस्तावना ठेवलीच नव्हती. पहिल्याच ओळीत चक्की दोरीने बांधून दारात उभी होती. सासूबाईंनी भाकरी उजेडाकडे धरली, तेव्हा दीपेशचा फोन पुन्हा वाजला. त्याने तो बघितला आणि उलटा ठेवून दिला. बाईंनी ते पाहिलं. पण आवाज हलू दिला नाही. नेमका तेवढ्यात एक कामगार कुणा पुरवठादाराला घेऊन आत आला, म्हणून त्यांना थांबावं लागलं.

"अरे यार, बाद में!" दीपेश त्याच्यावर खेकसला आणि बाईंकडे वळला. "फिर? जाली मिली उनको?"

"मिळाली. पुढे ऐका."

लेख संपला. दीपेश म्हणाला, "ताई, अपने बाकी डीलर भी तो यही गलती करते होंगे. आज से दोनों जाली डब्बे में ही डालो." मग आठवल्यासारखा म्हणाला, "और पुणेवालों को मना कर देता हूं."

लेख ब्लॉगवर आला, खाली दोन नावं: अजेय आणि बकुळाअक्का. तेव्हापासून काम जोडीनेच चालतं. चहा झाल्यावर अक्का त्याच्याकडून एक परिच्छेद लिहवूनही घेतात आणि तो कुरकुरत लिहितो.

ब्लॉगचा बोलबाला झाला, तशी बाईंच्या नणंदेचा इंदूरहून फोन आला. "वहिनी, आमच्या नीतूलाही घ्या ना तुमच्याकडे. घरचीच मुलगी आहे, छान बोलते."

"बोलते छानच, वन्सं. मला ठाऊक आहे," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आधी तिला एक पान लिहून पाठवायला सांगा."

"अगं बाई! आता घरच्यांचीही परीक्षा?"

"घरच्यांचीच आधी," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "उद्यापर्यंत पाठवायला सांगा हं. मी वाट बघते."