आत्याबाईंचे दोन कुडे

तेराव्या वर्षी आमच्या सासूबाईंनी चुकीच्या झाडाची साल आणली आणि त्यांचे सासरे गेले.

ही गोष्ट त्यांनी मला एकटीला सांगितली होती. "म्या गेल्याव सांग," म्हणाल्या होत्या.
आज पहाटे त्या गेल्या. म्हणून लिहिते.

आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. माहेर भाजे, सासर कुरवंडे. लग्न स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीचं.

पहिल्याच पावसाळ्यात सासऱ्यांना रक्ताची आव पडू लागली. सासू म्हणाली, "पोरी, रानातनं कुड्याची साल आण."

आत्याबाईंनी आणली. माहेरी ज्याला कुडा म्हणत, त्याची.

तो काळा कुडा. कुरवंड्यात नुसतं कुडा म्हटलं की पांढरा. औषधाचा तोच.
दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींना चीक. तेरा वर्षांच्या पोरीला काय कळणार?

तीन दिवस काढा दिला. चौथ्या दिवशी सासरे गेले.

तेरावं झाल्यावर सासू त्यांना रानात घेऊन गेली. आधी काळ्याची साल चावायला दिली, मग पांढऱ्याची.
दुसरी तोंडात धरवेना, इतकी कडू.

"कळलं?"
"व्हय."

मग शेंगा दाखवल्या. दोन्हींच्या जोडीनंच येतात, पण काळ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाला चिकटलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या.

आत्याबाई रडायला लागल्या.
"गप," सासू म्हणाली. "साल तू आणलीस, काढा म्या उकळला. म्या तरी कुटं चाखला?"

तिनं हे मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

पुढे आत्याबाई आजाऱ्याला काहीही चाखल्याशिवाय देत नसत. पेज, काढा, डॉक्टरांचं टॉनिकसुद्धा.
मला ते उष्टं वाटायचं. शिवाय एवढं महागाचं टॉनिक. मी मॅट्रिक झालेली, एकदा बोललेच, "आत्याबाई, बाटलीवर नाव लिहिलंय की."

"नाव तर त्याचंबी कुडाच व्हतं," म्हणाल्या.
त्या दिवशी सगळं सांगितलं.

सोबतच्या फोटोत त्यांच्या मागे आहे तो पांढरा. मुलींनो, नीट बघून ठेवा.

आज त्यांच्या तोंडात तुळशीचं पाणी घालायची वेळ आली, तेव्हा चमचा आधी माझ्या जिभेला लावला. थोरल्या जाऊबाई बघतच राहिल्या. उष्टं झालं खरं. पांडुरंग समजून घेईल.

आत्याबाई, चाखून दिलंय.
निवांत जा.