सून ज्याचं नाव घेत नाही तो ओढा

नारिन शहराच्या रुग्णवाहिका केंद्रात फोन घ्यायला बुरमाकान बसली, की ड्रायव्हर निर्धास्त असत. तिच्यामागे भिंतीवर डोंगरांचा नकाशा होता, समोर संगणक होता. पण फोन करणारे त्यांतल्या कशातच राहत नसत. कुणी ‘दूध डेअरीच्या मागे’ म्हणे, आणि डेअरी पाडून जमाना झालेला. बुरमाकान फोनवरच झापे, पण घर शोधून काढी. लोक पत्ता सांगत नाहीत, आठवणी सांगतात, असं तिचं ठाम मत होतं.

त्या सकाळी वरच्या कुरणातून एका सुनेचा फोन आला. सासऱ्यांच्या छातीत कळ आली होती, नवरा घोड्यांमागे गेलेला, आणि फोन लागावा म्हणून ही धापा टाकत टेकडीवर चढली होती.

“कुठल्या ओढ्यावर आहात?”

“आमच्या मोठ्यांच्या ओढ्यावर, ताई.”

“अगं, मोठे सगळ्यांच्याच घरी असतात! ओढ्याचं नाव सांग.”

“ते... मी कसं घेऊ? गाडी पाठवा ना!” पोरगी रडायलाच लागली.

“सासरच्या माणसाचं नाव आहे का ओढ्याला?”

“हो. आजेसासऱ्यांचं.”

बुरमाकानच्या तोंडाशी शिवी आली होती, ती तिने गिळली. तिने स्वतः तरी सासऱ्याचं नाव कधी घेतलं होतं? म्हातारा गेला, तरी जीभ रेटली नाही. त्या बाजूला माणसांच्या नावांचे तीन ओढे होते आणि तिघांच्या वाटा वेगळ्या. गाडी भलत्या वाटेला लागली, तर माणूस हातचा जाणार होता.

“हे बघ, नावं मी घेते. नसेल तर नाही म्हण. सादिर?”

“नाही.”

“बैमुरात?”

“नाही, ताई.”

“कासमाली?”

फोनवर नुसता वारा.

“कळलं गं पोरी. गाडी निघालीच. तू खाली जा, त्यांना बसतं ठेव, चालू देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर इस्पितळात डोकावून आला.

“म्हातारा ठणठणीत बोलतोय. सुनेला म्हणतो, ‘पुढच्या वेळी खुशाल घे माझ्या बापाचं नाव. नाव घेतलंस म्हणून तो रागवायचा नाही. मला असं लवकर वर पाठवलंस, तर मात्र रागवेल!’”

“मग घेतलं तिनं?”

“कुठलं! लाजून चहा आणायला पळाली.”

म्हातारा चहाची वाट बघत बसलाय, एवढ्यानेच बुरमाकानला भरून आलं.