परडीतलं वचन

माझी बायको शुक्रवारी गेली. इथे आखातात, महबूल्यात, आमच्या मंडळीची सभा त्या वेळी चालू होती आणि तिच्यासाठीच प्रार्थना होत होती.

नव्या वर्षाच्या सभेत आमच्याकडे कार्डांची परडी फिरते. प्रत्येक घराने एक कार्ड उचलायचं; त्यावरचं बायबलमधलं वचन त्या घराला वर्षभरासाठी. तिच्या हाती दीर्घायुष्याचं वचन आलं, मागे सूर्योदयाचं चित्र. कॅन्सरचं निदान नुकतंच झालं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने कार्ड फ्रिजवर लावलं. केमोला निघताना त्याला हात लावून निघायची.

ती परडी, कीबोर्डवरची टाळ्यांची गाणी, गाडीच्या काचेवरचे स्टिकर, सकाळी मोबाइलवर येणारी फुलाफुलांची वचनं, मला हे सगळं उथळ वाटायचं. खरं तर मी यातच वाढलो. नगरला उन्हाळी शिबिरांत हातवारे करत गाणी म्हटली, कॅसेटी झिजवल्या. पुढे पुस्तकं आली आणि मी मागच्या खुर्चीवर सरकलो. ती मात्र पुढे, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या शेजारी.

"अहो, देव काय लायब्ररीत बसतो का?" घरी येताना ती विचारायची.

"तुमच्या स्पीकरला भिऊन तिथेच लपला असेल."

"मग घेऊन या त्याला. चहाला."

परडीतून आयुष्य निघत नाही हे मला कळत होतं. तरी त्या कार्डावर मीही भरवसा ठेवला होता.

तिच्या आजारपणात याच माणसांनी डबे आणले, हॉस्पिटलात पाळीपाळीने बसले, ती गेल्यावर तिला गावी नेण्याच्या कागदांसाठी कचेऱ्या पालथ्या घातल्या. फक्त मला रडू दिलं नाही. डोळे भरले की कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचं, "ब्रदर, सिस्टर प्रभूजवळ आहेत. हा विजय आहे."

तिला नगरला पुरून परतलो. पहिल्याच सभेत पास्टरांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. साक्षीला ठरलेली वाट असते. संकट, प्रार्थना, विजय, मग टाळ्या. मी संकट सांगितलं, प्रार्थना सांगितली. पुढे शब्द येईना. कीबोर्डवाल्याने मदत म्हणून हळूच सूर धरला.

"कार्डावर दीर्घायुष्य होतं," मी म्हणालो, "आणि ती गेली. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही."

"हालेलूया," मागून कुणीतरी सवयीने म्हणालं.

"गप रे!" मावशी कडाडल्या. "आणि ते वाजवणं बंद करा आधी. माणसाला रडू द्या की जरा."

मी रडलो. पास्टर चष्मा काढून खाली बसले. त्यांनाही रडायचं होतं, हे मला तेव्हा दिसलं. त्या दिवशी टाळ्या झाल्या नाहीत.

कार्ड अजून फ्रिजवर आहे. शुक्रवारी मी सभेला जातो, मावशींच्या शेजारी बसतो. तिच्या आवडीचं गाणं लागलं की टाळ्या वाजवतो. साक्ष मला कुणी मागत नाही.