चिमीचं नाव मधोमध काऊन?

मंडळी, सकाळपासून डोकं चक्रावून राह्यलं हाये.

आज माझ्या बाबाची एकोणीसशे पन्नासच्या काळातली वही सापडली. बाबा हिंगणघाटजवळ मेंढ्या राखत. बायबलाचं मराठी भाषांतर करणारे एक पाद्री शब्द विचाराले त्याच्याकडं येत. वहीत पाद्रीनं कोकराचे दोन ग्रीक शब्द लिहिले हायेत: अम्नोस आणि आर्नियोन. त्यापुढं बाबाच्या अक्षरात, 'विकाचं' आणि 'घरचं'.

आमच्याकडं तशी रीतच होती. विकाच्या कोकराचं नाव ठेवत नसत. नाव ठेवलं की ते घरचं.

ग्रीक शिकणारी माझी नात वही पाहून म्हणाली, "आजी, बाबाजीनं इतकं सोपं करून टाकलं. आर्नियोन म्हणजे लहानसं कोकरू. पण बायबलात बळी दिलेल्या कोकरालेही हाच शब्द हाये."

म्हणजे घरचंही कापत?

माझ्या कोकराचं नाव मी चिमी ठेवलं होतं. आई आजारी पडली, औषधाले पैसा नव्हता, त्या साली चिमी दिसेनाशी झाली. बाबा म्हणाला, "लांडग्यानं नेली."

आता पान नीट पाह्यलं. दोन्ही शब्दांच्या बरोबर मधोमध बाबाच्याच बारीक अक्षरात लिहिलं हाये, 'चिमी'.

सांगा, लांडगा खरंच आलता का?