अडुळसा आणि आई

आज गॅसवर अडुळशाची पानं उकळायला ठेवली आणि त्या कडवट वासानं मला शिंदखेड्याचा आठवडे बाजार आठवला. मी नववीत होते, आई-वडिलांबरोबर बाजाराला गेले होते. एक माणूस जीपवर उभा राहून, अडुळशाची पांढऱ्या फुलांची फांदी नाचवत कर्ण्यावरून ओरडत होता, "आमचं अडुळशाचं चूर्ण घ्या, टीबीच्या गोळ्या फेकून द्या!" बाया पुड्या घेत होत्या. परसातल्या अडुळशाचा काढा आई गल्लीभर खोकल्याला द्यायची. पण तिचा स्वतःचा टीबी गोळ्यांनी नुकताच बरा झाला होता, आणि वडिलांनी ते भावकीपासून लपवलं होतं. "चाल घर," ते आईचा हात धरून दबक्या आवाजात म्हणाले. आई हात सोडवून थेट जीपपुढं गेली. "माले टीबी व्हता! हाऊ पाला मी बठ्ठा खादा. बरी व्हयनू ती दवाखानाना गोळ्यासघाई!" सगळा पाला खाऊन नव्हे, गोळ्यांनी बरी झाले, असं ती सांगत होती; पण टीबीचं नाव ऐकताच माणसं तिच्यापासून दोन पावलं मागं सरकली. एका बाईनं मात्र पुडी परत केली नि आईला विचारलं, "कोठे भेटतस त्या गोळ्या?" वडील रागानं एकटेच घरी निघून गेले, पण आईनं माफी मागितली नाही. तेव्हा लाजून मीही मागं सरकले होते. आता लेकीला हे सांगताना त्या आजाराचं नाव मी मोठ्यानं घेते.