पायावर उभं राहीपर्यंत

माझ्या आईचा नवस शब्दांतच फसला. दौलताबादच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून माझ्या धाकट्या भावाचा मणका मोडला, कमरेखाली सगळं सुन्न. तेव्हा ती हर्सूलच्या आमच्या कॉलनीतल्या देवीसमोर पदर पसरून म्हणाली, "माय, लेकरू पायावर उभं राहीपर्यंत मी चप्पल घालणार नाय." लेकरू चाळिशीचं होतं. दिवाळीच्या आत ते गेलं.

मला वाटलं, दुःख ओसरलं की घालील. उन्हाळा आला, डांबर वितळायला लागलं, आणि बाई भाजीला अनवाणी. शुगर असलेली बाई! पायात काय रुतलं ते तिला कळायचंही नाही. मी ओरडले तर शांतपणे म्हणाली, "तो उभा राहिला का? नाय ना. मग नवस फिटला कसा?"

दुसरी कुणी असती तर ‘बरा होऊ दे, ओटी भरीन’ असं बोलली असती. बरा झाला नाही, ओटी भरली नाही, विषय संपला. आमच्या बाईसाहेबांनी आधीच फेडायला सुरुवात केली होती, आणि थांबायचं कधी ते एका मेलेल्या माणसाच्या पायांवर सोपवलं होतं.

शेवटी मी देवळात प्रवचन करणाऱ्या महाराजांना गाठलं. म्हटलं, तुमचं ती ऐकते, नवस सुटला एवढंच सांगा. महाराज घरी आले आणि चहाबरोबर सुरूच झाले, "माउली, देवाची योजना फार मोठी असते. तुमच्या-आमच्या भक्तीलाही तिच्यात जागा आहे. एकही हाक वाया जात नाही."

आईनं विचारलं, "म्हंजी मी बोलले ते देवीनं ऐकलं व्हतं?"

"ऐकलं तर! सगळं ऐकते ती."

"मंग झालंच की. ऐकलं नसतं तर गोष्ट निराळी व्हती. ऐकलंय, म्हंजी मी बांधलेली हाय."

महाराजांनी मान डोलावली आणि कप पुन्हा तोंडाला लावला. मला त्यांच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटला.

पावसाळ्यात तिच्या पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी तो काढला, शेजारचं बोटही काढलं. वैजापूरहून भेटायला आलेल्या नात्यातल्या बायका म्हणाल्या, "बोटावर निभावलं बाई, देवीचीच कृपा." कृपा! मुलगा नेला, बोटं नेली, वर आम्हीच उपकार मानायचे. मला देवीचा राग येतो, हे मी सरळ लिहिते. राग यायलाही ती असावी लागते, हे कळतं, आणि त्याचाही राग येतो.

डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा अनवाणी चालली तर पाय गुडघ्यापासून जाईल. मी मऊ तळव्याची चप्पल घेऊन दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसले आणि म्हटलं, "आई, तो गेला गं. आता कुणासाठी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच अडाणी.

"इथं नाय उभा राहिला," ती म्हणाली. "तिथं तरी राहू दे की. मीच सोडलं, तर तिथं त्याच्यासाठी कोण हाय?"

महाराजांकडे याचं उत्तर असेलच. मी चप्पल पिशवीत घातली आणि घरी आले.